ड्वेनचा निळा कप

फेवरोन्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात मोरीजवळच्या खालच्या फळीवर एक निळा कप असे. तो ड्वेनचा. गावातल्या जुन्या पंथाच्या रशियनांचा नेमच तसा होता. धर्माबाहेरच्या माणसाला पोटभर खाऊ घालावं, पण आपल्या भांड्यांना त्याचा विटाळ होऊ देऊ नये. आजे-पणजे रशियातून निघाले, अर्धं जग पालथं घालून अलास्काच्या किनाऱ्याला टेकले. वाटेत पुष्कळ काही गमावलं, हा नेम मात्र जिवापाड सांभाळून आणला.

ड्वेन पर्सेल अमेरिकन, मोकळाढाकळा गडी. फेवरोन्याचा मुलगा येफीम आणि तो, दोघांची मिळून एक मासेमारीची बोट होती. येफीमची बायको वारल्यापासून घरात मायलेक दोघंच. दर रविवारी ड्वेन सारण भरून भाजलेली पिरोगी खायला हजर. मायलेक मोठ्या टेबलावर, ड्वेन खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर. बंदरावर मात्र तो ज्याला त्याला सांगत सुटायचा, "रशियनांच्या घरी माझा स्वतःचा कप आहे. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. आहे तुमच्यापैकी कुणाचा?"

हे ऐकलं की येफीम मान खाली घालून दोर गुंडाळायला लागायचा. खरं सांगावं तर मित्र गमवावा लागेल, न सांगावं तर मन खातंय. दोन्ही देशांचे पुढारी टीव्हीवर एकमेकांना दम भरत, तेव्हा हे दोघे बोटीत पोट धरधरून हसत. पण आईच्या फळीपुढे येफीमची दातखीळ बसे, दाढी पांढरी व्हायला लागली तरीही.

मग ड्वेनने लग्न केलं आणि एक पिवळा कप घेऊन आला.

"मावशी, हा लोर्नाचा. रविवारी आणतो तिला. माझ्या कपाशेजारी ठेवा."

म्हातारीने कप फळीवर ठेवला. "बायको खाणारी आहे ना? त्या मानाने पीठ मळते."

दुसऱ्या दिवशी बोटीत गळांना आमिष लावताना येफीमला राहवेना. "ड्वेन, तो कप मानाचा नाही रे. तुझा विटाळ होतो म्हणून वेगळा ठेवलाय."

ड्वेनने हातातला गळ पुरा केला. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. मोरीजवळ मानाची भांडी कोण ठेवतं?"

"मग बंदरावर फुशारक्या कशाला मारतोस, गाढवा?"

"मग काय सांगू? जिवलग मित्र मला वेगळ्या भांड्यात वाढतो म्हणून? मान म्हटलं की पिरोगी जरा गोड लागते." त्याने पुढचा गळ उचलला. "मावशींचा राग नाही. त्यांचा देव त्यांच्यापाशी. तू इतकी वर्षं तोंड शिवून बसलास, त्याचा आहे. पिवळा कप देऊन आलो खरा, पण रविवारी लोर्नाला नाही आणणार. मी हसण्यावारी नेतो, तिने का सोसावं?"

येफीमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्राने ही वेळ आपल्यावर आणली नव्हती, आपणच आणली होती.

"आण तिला," तो म्हणाला. "एवढं माझं ऐक."

रविवारी दोघं आली. म्हातारीने चहा ओतला. ड्वेनने सवयीने साखरेचा डोंगर केला आणि कप तोंडाला लावला. तेवढ्यात येफीम मोठ्या टेबलावरून उठला, ड्वेनच्या हातून कप घेतला आणि उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकला.

म्हातारीच्या हातातली किटली तशीच राहिली. "काय केलंस, कळतंय का मेल्या? बाटलास. आता प्रायश्चित्त होईपर्यंत घरच्या पंगतीला बसता यायचं नाही तुला."

"कळतंय, आई."

"दंडवत घालून घालून गुडघे जातील तुझे. आधीच कुरकुरतायत."

"जाऊ देत."

तो खिडकीपाशी जाऊन बसला. ड्वेनने सरकून त्याला जागा केली. मग लोर्नाने विचारलं, "एवढ्या साखरेत चहा होता तरी का?" त्यावर तिघंही जी हसायला लागली, ती थांबेचनात.

मोठ्या टेबलावर म्हातारी एकटी उरली. ताटातली पिरोगी तिने दोनदा तोडली, तोंडात काही घातली नाही. मग उठली, एका हाताने स्टूल ओढत खिडकीपाशी आणलं आणि तिघांपासून हातभर अंतर ठेवून बसली.

"कप माझा मी आणलाय," ती म्हणाली. "त्याला कुणी हात लावायचा नाही. आता सांगा, कशाला हसत होतात?"