दार वाजवून

व्यवस्थापिकाबाईंनी सवयीने दार ढकललं, पण ते उघडेना. मागे निवाऱ्याच्या समितीची मंडळी उभी होती. सकाळपासून बाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. इतकी वर्षं बेघर कुटुंब आलं की बाप पुरुषांच्या दालनात, आई आणि पोरं बायकांच्या, अशीच रीत होती. आज पहिल्यांदाच एक अख्खं कुटुंब एका खोलीत उतरलं होतं. समितीला ही खोली पटली, तरच वरच्या मजल्यावर अशा आणखी खोल्या होणार होत्या. बाईंनी त्यासाठी किती जणांचे उंबरठे झिजवले, ते त्यांनाच ठाऊक.

"कुलूप आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, आतून कडी लावलीय."

सांगताना बाईंना हसू आवरेना. सुताराच्या मागे लागून त्यांनीच ती बसवून घेतली होती. निवाऱ्यात आजवर एकाही दाराला आतून कडी नव्हती, त्यामुळे दार वाजवायची सवय कुणालाच नव्हती, खुद्द बाईंनाही.

"मग आम्ही पाहायचं काय? दाराचा रंग?"

अध्यक्ष स्वतःच पुढे झाले आणि त्यांनी दार ठोठावलं. आतला हसण्याखिदळण्याचा आवाज थांबला.

"कोण आहे?" एका लहान मुलीने विचारलं.

अध्यक्ष गडबडले. या इमारतीत त्यांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"पाहुणे आलोत, बाळा."

"थांबा हं, आईला विचारते."

समिती थांबली. कुणी सदऱ्याची कॉलर सारखी केली, कुणी उगाच छताकडे पाहिलं.

"आई म्हणते, आत्ता नको. बाबा आमच्याबरोबर जेवतायत. नंतर या."

आता सगळं मुसळ केरात, असं बाईंना वाटलं. आणि त्याच वेळी टाळ्या पिटाव्यात असंही वाटलं. त्या मुलीला उचलून घ्यावं, इतका त्यांना आनंद झाला होता.

"सावकाश होऊ द्या," अध्यक्ष बंद दाराला म्हणाले. मग जिन्याशी येऊन ते बाईंच्या कानाशी कुजबुजले, "वरच्या मजल्याचं काम सोमवारी सुरू करा."

बाईंना तिथेच ओरडावंसं वाटलं, पण आत जेवणं चालली होती.