सलूनच्या खुर्चीतलं भूत

भूत उतरवणाऱ्या श्वासबाबांचा फायदा आधी मांडू, म्हणजे पुढचा चमत्कार समजायला सोपा जाईल. रोजची दाढी फुकट, डोक्याची मालिश फुकट, दुपारची झोप पंख्याखाली, आणि काम फत्ते झालं तर चौकातलं चालतं सलून कायमची गादी म्हणून. कारण सलूनवाल्याला झोपेत धरणारं भूत म्हणे सलूनच्या वस्तऱ्यांत राहायचं. वस्तरे सलूनसकट बाबांकडे गेले की भूत गेलं. वस्तरे गेल्यावर सलूनवाला खाणार काय, हा प्रश्न बाबांच्या शास्त्रात बसत नव्हता.

भूत मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं. सलूनवाला आडवा झाला की असा घोरायचा की आरशापुढच्या बाटल्या थरथरायच्या. मग एकदम आवाज बंद. श्वासही बंद. बघणारा त्याला हलवायला पुढे होतो न होतो तोच तो दचकून, हबकून हवा ओढायचा, की पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर हेच. त्यामुळे दिवसा वस्तरा हातात असतानाच त्याचे डोळे मिटत. पोस्टमनची अर्धी मिशी अशीच गेली. तेव्हापासून लोक केस कापायला येत, पण गळा पुढे करायला कुणी तयार होईना.

रोज दुपारी सलूनबाहेर ही गर्दी. आत खुर्ची मागे कलवलेली, तिच्यात सलूनवाला उताणा घोरतोय. बाबा त्याच्या डोक्यामागे उभे राहत, चेहऱ्यावर टॉवेल टाकत, टॉवेलखाली दोन्ही हात घालत आणि गुणगुणत. घोरणं ठप्प. श्वास कसा, तेल घातलेल्या बिजागरीसारखा. गर्दीत आम्ही सगळे टाळ्या वाजवत असू. मग बाबा टॉवेल बाटलीत पिळत आणि बूच लावत. टॉवेल कोरडा असे, पण भूत तरी कुठे ओलं असतं? बाबांनी हात काढले की घोरणं परत सुरू व्हायचं. ते पुढच्या भुताचं. "खानदान मोठं आहे यांचं," बाबा गंभीरपणे सांगत.

शेवटी सलूनची किल्ली द्यायचा दिवस उजाडला. सलूनवाल्याच्या बायकोने ती मुठीत घट्ट धरली होती आणि मूठ काही उघडत नव्हती. एवढ्यात माडीवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई गलका ऐकून हातमोज्यांसकट खाली आल्या. त्यांनी थोडा वेळ बाबांचा चेहरा सोडून नुसता टॉवेल बघितला.

"बाबा, आज हात खिशात ठेवून मंत्र म्हणा," त्या म्हणाल्या.

"मंत्राला स्पर्श लागतो."

"मग टॉवेल तरी काढा. भूत गुदमरत असेल."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि बाबांना हात खिशात घालावेच लागले. त्यांनी मंत्र म्हटला. मग मोठ्याने म्हटला. मग मानेच्या शिरा ताणून म्हटला. झोपेतल्या सलूनवाल्याने त्यांना सहज हरवलं.

मग बाईंनी सलूनवाल्याच्या सासूबाईंना पुढे बोलावलं. कानांखाली जबड्याचा कोपरा असतो, त्यामागे बोटं लावून जबडा पुढे उचलायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मला मंत्र येत नाही.

"मग घरात काय काय संपलंय ते म्हणा."

सासूबाईंनी बोटं रोवली आणि अडकलेला खण ओढावा तसा जावयाचा जबडा पुढे ओढला. "साबण. काड्यापेटी. मीठ. झाडू."

काड्यापेटीलाच घोरणं थांबलं. झाडूपर्यंत श्वास संथ झाला होता.

लेक म्हणाली, "आई, सोड आता त्यांना."

"थांब गं. इतक्या वर्षांत जावयाचं तोंड धरायला पहिल्यांदा मिळतंय."

मग हसता हसता ज्याने त्याने भूत धरून बघितलं. पोस्टमनने तर जरा जोरातच.

बाईंनी उलगडा केला तो साधाच होता. जीभ खालच्या जबड्याला जोडलेली असते. झोपेत स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, घशाची वाट मिटते. जबडा पुढे आणला की जीभ पुढे येते, वाट उघडते. बाबांचा हा हात कुठला, तेही निघालं. पूर्वाश्रमी ते ऑपरेशनच्या खोलीत मदतनीस होते. गुंगी दिलेल्या माणसाचा जबडा तिथे असाच धरतात. किल्ली मुठीतच राहिली.

पण रात्रभर जबडा धरून बसणार कोण? सासूबाई तयार होत्या, जावई नव्हता. बाईंनी त्याला आधी झोपेच्या तपासणीला डॉक्टरांकडे धाडलं, कारण रोग ठरवणं त्यांचं काम. झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला, मध्यम. डॉक्टरांनी घशाची वाट उघडी ठेवणारा हवेचा मास्क किंवा दातांवरची पट्टी, असे दोन मार्ग सांगितले. त्याने पट्टी निवडली. मग बाईंनी दातांची मापं घेतली. वरची एक, खालची एक, अशा पट्ट्या, खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या. त्या केसभर केसभर पुढे सरकवत नेल्या, आणि पट्टी घालून पुन्हा तपासणी करवली. घोरणारा प्रत्येक जण या पट्टीचा गिऱ्हाईक नव्हे, हेही त्यांनी बजावलं. आता सलूनवाला वस्तरा धरून जागा असतो आणि त्याच्यापुढे लोक गळा बिनधास्त पुढे करतात.

माझं सांगणं एवढंच. चमत्कार दिसला की नमस्कार नंतर करा, आधी टॉवेल उचला. आणि श्वास अडत असेल तर तपासणी करून घ्या.

आता या चमत्काराची किंमत कोणी काय भरली ते. सलूनवाल्याने थोडे दिवस सकाळचा आखडलेला जबडा भरला. बाबांनी काहीच नाही, ते गुळगुळीत गालांनिशी दुसऱ्या वस्तीत गेले. राहिला कोपऱ्यावरचा शिंपी. त्यालाही हेच दुखणं होतं, तपासणीची वेळही ठरली होती. ती टाळून त्याने बाबांची एक बाटली उशाशी ठेवली. चालत्या मशीनवर त्याला डुलकी लागली आणि सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली. आम्हा सगळ्यांच्या टाळ्यांची किंमत त्याने एकट्याने भरली.