एकाच बाजारात दोन पहिले

सभागृहात चारशे खुर्च्या होत्या आणि साडेचारशे माणसं. उरलेली पन्नास भिंतीला टेकून उभी होती आणि निदान उभं तरी राहायला मिळालं, यात धन्यता मानत होती. स्टेजवर पांढरेशुभ्र बूट, काळा टीशर्ट आणि गालाला चिकटवलेला माइक अशा थाटात एक गृहस्थ येरझारा घालत होते. त्यांना सगळे 'पान-एक सर' म्हणत. ऑनलाइन बाजारात कोणाचीही वस्तू पहिल्या पानावर, तीही सगळ्यांच्या वर आणून ठेवायची सिद्धी आपल्याला आहे, असं ते स्वतःच सांगत. बाकीचे त्यांचं ऐकून सांगत.

"बाजार ऐकतो," सर म्हणाले. "तुम्ही वस्तू बनवलीत, बाजाराने ढुंकून पाहिलं नाही. का? तुमची हाक कमजोर. एकवीस दिवस मनापासून हाक मारा. बाजार वळून बघतो म्हणजे बघतोच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेतल्या आत्याने टाळी वाजवली नाही. एक तर तिची बोटं सांधेदुखीने आखडली होती. दुसरं म्हणजे मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तिने तीस वर्षं काढली होती आणि तिथे तिला एक सवय जडली होती. एखाद्या मुलीचा प्रयोग फारच झकास जमला की ती म्हणायची, "छान. आता हेच शेजारच्या टेबलावर, तिच्या सामानाने करून दाखव." निम्मे झकास प्रयोग त्या दोन टेबलांच्या मधल्या हातभर अंतरात बुडायचे.

आज ती आली होती भाचीसाठी. भाचीने आत्याच्याच हातांकडे बघून एक वस्तू तयार केली होती: घट्ट बसलेली झाकणं उघडायची, रबरी कडेची मूठ. कंपनी म्हणजे भाची, तिचा नवरा आणि घराची मागची खोली. अकराशे अनोळखी माणसांनी इंटरनेटवरून आगाऊ वर्गणी दिली, भाचीने शब्द पाळून प्रत्येकाला मूठ पोचवली. तिथवर सगळं सुरळीत झालं. मग उरलेला माल तिने ऑनलाइन बाजारात मांडला आणि तिथे तिचे डोळे पांढरे झाले. वर्गणीवाले कौतुकाने वाट बघतात, बाजारात कोणी कोणाची वाट बघत नाही. मूठ नवव्या पानावर जाऊन पडली, आणि नवव्या पानापर्यंत बोट सरकवत जाईल इतका रिकामटेकडा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

अशा वेळी माणसाला गुरू भेटतो. तो त्याच वेळेवर टपून बसलेला असतो.

सरांची साधना सोपी होती. रोज तीनदा, दर वेळी अकरा वेळा, आपल्या फोनवर आपल्या वस्तूचा प्रकार शोधायचा. कंपनीचं नाव टाकायचं नाही, नुसतं 'झाकण उघडायचं साधन' एवढंच. मग पानं मागे टाकत आपली वस्तू गाठायची, उघडायची, तळापर्यंत संथपणे वाचायची आणि बाहेर यायचं. पथ्यं दोन. दुसऱ्याच्या फोनवर बघायचं नाही, त्याने ऊर्जा फाटते. आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचायच्या नाहीत, त्या म्हणे हाक कापतात.

भाचीने हे सारं निष्ठेने केलं, आणि गंमत अशी की झालंही. पाचव्या दिवशी मूठ चौथ्या पानावर, बाराव्या दिवशी दुसऱ्या, अठराव्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावर. विक्री मात्र होती तिथेच होती. "आधी क्रमांक, विक्री मागून येईल," हे सरांचं उत्तर त्यावरही तयार होतं. भाचीने ते मानलं आणि मोल्डवाल्याला दुसरा लॉट काढायला सांगितला. दोन हजार मुठी, जुन्याच साच्यातून. उद्या सकाळी नऊला त्याचं मशीन सुरू होणार होतं.

आत्याला काळजी होती ती त्या दोन हजारांची. घरातली पहिली मूठ तिच्याकडे होती आणि तीन महिन्यांतच तिची रबरी कड सैल पडली होती. कोरड्या हाताने कॉफीची बरणी उघडायची, पण हात ओला असला की मूठ सर्रकन निसटायची. एकदा बरणी पडून काचा पायाशी पसरल्या होत्या. तिने भाचीला सांगून पाहिलं होतं.

"आत्या, प्लीज. एकवीस दिवस काही निगेटिव्ह बोलू नकोस."

"अगं, निगेटिव्ह मी नाही. ते रबर आहे."

भाची फोन घेऊन दुसऱ्या खोलीत निघून गेली होती. अकरा वेळा शोधायची वेळ झाली होती.

आज एकविसावा दिवस. सरांनी भाचीला स्टेजवर बोलावलं, तिचा फोन मोठ्या पडद्याला जोडला. तिने शब्द टाकले. पडद्यावर सगळ्यांत वर तिचीच मूठ. लोक उभे राहिले. भाचीचे डोळे भरून आले, आणि ते पाहून आत्याला सरांचा खरा राग आला. त्या पोरीने वर्षभर रक्ताचं पाणी केलं होतं आणि हा बूटवाला त्याचं श्रेय खिशात घालत होता.

"ज्यांची ज्यांची वस्तू वर आली, त्यांनी फोन उंच धरा," सर म्हणाले. शेकडो फोन वर गेले.

आत्याच्या डावीकडे एक मिशीवाले होते, उजवीकडे एक चष्मेवाल्या बाई. दोघांचेही फोन वर. आत्याने दोन्हीकडे मान वळवून पाहिलं.

"तुम्ही काय विकता?" तिने मिशीवाल्यांना विचारलं.

"घडीची पाण्याची बाटली. पहिला नंबर," ते छाती फुगवून म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मीपण घडीचीच बाटली," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "पहिला नंबर."

"त्याच बाजारात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकमेकांच्या फोनकडे. मिशीवाल्यांच्या फोनवर त्यांची बाटली सगळ्यांत वर होती आणि बाईंची कुठेच नव्हती. बाईंच्या फोनवर बरोबर उलटं.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "सर, एक शंका होती. एकाच बाजारात घडीच्या बाटलीचे दोन पहिले नंबर कसे?"

सर गोड हसले. "मावशी, हे गणिताच्या पलीकडचं आहे."

"जाऊ की पलीकडे. पण आधी अलीकडचं बघू. सगळ्यांनी आपापली वस्तू शेजारच्याच्या फोनवर शोधा बरं."

"नको, नको," सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ऊर्जा फाटेल."

"फाटू दे. शिवून घेऊ."

कोणीतरी फिसकन हसलं आणि तिथेच सरांच्या हवेला भोक पडलं. लोक आधी चाचरत, मग भराभर एकमेकांचे फोन घेऊ लागले. मिशीवाल्यांची बाटली निघाली सातव्या पानावर. चष्मेवाल्या बाईंची अकराव्या. मागच्या रांगेतल्या एकाची बूट वाळवायची पेटी विसाव्या पानापर्यंत सापडेना, तेव्हा शेजाऱ्याने कंटाळून फोन परत केला. भाची स्टेजवरून उतरून आत्यापाशी आली आणि आत्याच्या फोनवर स्वतःची मूठ शोधू लागली. पानं सरकत गेली. नववं पान. एकवीस दिवसांपूर्वी होती तिथेच, जागची हललीसुद्धा नव्हती.

"पण माझ्या फोनवर तर खरंच वर आली गं," ती म्हणाली.

"खरंच आली. खोटं कोण म्हणतंय? मागच्या आठवड्यात मी गुडघ्याची पट्टी एकदा बघितली. तेव्हापासून हा बाजार मला उठताबसता गुडघेच दाखवतोय. आपण जे सारखं बघतो ते तो आपल्यापुढे आणून ठेवतो. आपल्यापुढे, दुसऱ्याच्या नाही. तू रोज तेहतीस वेळा तुझी मूठ बघितलीस. त्याला वाटलं, हिला मूठ हवीय."

मिशीवाले मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे एकवीस दिवस मी माझ्याच दुकानात शिरत होतो आणि काही न घेता बाहेर पडत होतो?"

"हो. आणि दुसऱ्याच्या फोनवर बघायला मनाई का होती, तेही आता कळलं असेल."

सर गडबडले, पण किंचितच. या धंद्यात लाज जवळ बाळगून चालत नाही. त्यांनी माइक सावरला आणि जाहीर केलं की संशयाने सभागृहातला प्रवाह तुटला आहे, तेव्हा नव्याने एक्केचाळीस दिवसांची महासाधना घ्यावी लागेल. आणि सांगायला शरम वाटते, पण दहा-बारा जणांनी तिथल्या तिथे नाव नोंदवलं.

भाची बाहेर पायरीवर बसली. आत्या तिच्या शेजारी टेकली. मग भाचीने एकवीस दिवस न उघडलेल्या तक्रारी उघडल्या. चौतीस होत्या, जवळपास सगळ्या त्या वर्गणीवाल्यांच्याच. शिव्या फार थोड्या. पुष्कळ जणांनी एकच गोष्ट आपापल्या शब्दांत लिहिली होती. एक तिने मोठ्याने वाचली: "आईचे हात अधू आहेत. या मुठीने तिने कित्येक वर्षांनी स्वतः बरणी उघडली. पण हात ओला असला की निसटते. सुधारलीत तर आणखी एक घेऊ."

"हेच मी..." आत्या बोलता बोलता थांबली.

"हेच तू सांगत होतीस," भाची म्हणाली आणि तिने मोल्डवाल्याला फोन लावला. "दादा, उद्या मशीन लावू नका. साचा बदलायचाय. हो, सगळा लॉट थांबवा."

वाचकहो, या चमत्कारात भूत नव्हतं, भस्म नव्हतं, सगळा शिकला-सवरलेला कारभार होता. म्हणून तो कमी खुळा ठरत नाही. जो तुम्हाला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पडताळा घ्यायला मनाई करतो आणि तक्रारींना कान बंद करायला लावतो, त्याच्या अंगावर कफनी असो की काळा टीशर्ट, तो तुम्हाला तुमचंच तोंड आरशात दाखवून दर्शनाची दक्षिणा घेतोय. असल्या माणसाला फक्त एवढंच म्हणा: शेजारच्या टेबलावर करून दाखव. हे विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही, उठून उभं राहावं लागतं.

फोन ठेवून भाचीने डोळे पुसले. "नव्या साच्यातली पहिली मूठ तुला देणार."

"मला नको," आत्या म्हणाली. "माझी भाची आहेस, मला ती चांगलीच वाटेल. शेजारणीला दे. आणि आधी तिला हात ओले करायला सांग."