सैल पट्ट्यावरचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. नावं ठेवायचीच तर एकाच गोष्टीला ठेवा, मी जरा हळू फिरतो. बाकी माझी लाकडी पेटी अजून धडधाकट आहे आणि आवाजाला म्हातारपण आलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या पोटात एक छोटी मोटर बसवली आणि मोटरीपासून थाळीपर्यंत एक रबरी पट्टा ताणून घातला. मोटर फिरली की पट्टा फिरतो, पट्टा फिरला की थाळी फिरते, आणि मग थाळीवरची रेकॉर्ड गाऊ लागते. आमचा सगळा संसार त्या पट्ट्यावर! पण लोक कौतुक करतात आवाजाचं. पट्ट्याकडे बघतो कोण?

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी मला जागा मिळाली. त्यांना मी दाजीच म्हणतो, कारण त्या खोलीत सारखी तीच हाक ऐकू यायची. हाक मारणारा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. दर रविवारी यायचा, आणि चपला काढायच्या आतच सुरू व्हायचा, "दाजी, तुमची ती कादंबरी म्हणजे ना..."

काय ते दिवस होते! कधी कादंबरीवरून जुंपायची, कधी रेकॉर्डवरून. दाजींना जाडजूड, दुःखाने ओथंबलेल्या कादंबऱ्या आवडायच्या. धाकटा म्हणायचा, "अहो, तुमचा नायक पन्नास पानं खिडकीत उभा आहे. पाय दुखत नाहीत का त्याचे?" दाजी खवळायचे. "तुला सगळीकडे पळापळ हवी! कादंबरी वाचतोस की बस पकडतोस?" ताई, म्हणजे दाजींची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणायची, "आधी दोघंही शेवटपर्यंत वाचा, मग एकमेकांची डोकी फोडा." चहावर साय धरायची, तरी कुणी हटायचं नाही. आणि जाताना धाकटा तीच कादंबरी काखेत मारून न्यायचा. खरं सांगतो, तेव्हा माझ्याइतकं सुखी त्या घरात कुणी नव्हतं.

दाजींची आई गेली, त्या वर्षी त्यांनी एका गायिकेची नवी रेकॉर्ड आणली. संध्याकाळी दुकान बंद केलं की रोज तीच लावायचे. जड, खोल आवाज. एकेक शब्द डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसा यायचा. दाजी डोळे पुसत म्हणायचे, "हिला कळलंय बघ, आई गेल्यावर माणसाचं काय होतं ते."

मित्रांनो, माझा जीव वरखाली व्हायचा. पट्टा तोवर सैल पडला होता. थाळी हळू फिरत होती, म्हणून गाणं रेंगाळत होतं आणि त्या बाईचा आवाज खाली उतरला होता. तिने ते गाणं चांगलं खेळकर म्हटलं होतं हो! पण पट्टा काही एका दिवसात ढिला पडला नव्हता. घरातल्या कानांना सवय झाली होती. मी सांगणार कसा? मला आवाज आहे, पण त्यातून बाहेर येतं ते दुसऱ्याचंच गाणं.

आणि एका रविवारी धाकटा हसत हसत आला. "दाजी, तुमची रडकी रेकॉर्ड एका गिऱ्हाइकाकडे ऐकली. ती बाई रडत नाहीये! चक्क उड्या मारतेय!"

"दिवसभर मशिनींच्या खडखडाटात तुझे कान गेलेत," दाजी म्हणाले.

"माझे कान शाबूत आहेत. तुम्हालाच रडायला निमित्त लागतं, कादंबरीत काय नि गाण्यात काय."

दाजींचा चेहरा उतरला. आईची आठवण कुणी अशी हसण्यावारी नेईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. "ऊठ," ते म्हणाले, "आणि पुन्हा या खोलीत पाय ठेवू नकोस." ताई कपबशा घेऊन दारातच थबकली. तिच्या नवऱ्याने जे ऐकलं होतं तेही खरं, भावाने ऐकलं होतं तेही खरं. दोष सगळा माझ्या पोटात, आणि हाकललं त्या बिचाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पुढे वर्षं गेली. दाजी मला लावायचे, पण एकटेच ऐकायचे. ताई आता स्वतः कादंबऱ्या वाचू लागली होती. एकदा म्हणाली, "तो असता तर म्हणाला असता, हिची शंभर पानं कापा." दाजी उठून गेले. त्या दिवशी ताई माझ्याशेजारी बसून रडली. नवरा आणि भाऊ यांच्यामध्ये तिचं पार सँडविच झालं होतं.

मग एकदा दाजी काचा आणायला परगावी गेले, तेव्हा तिने मला रिक्षात घातलं आणि थेट भावाच्या दुकानात नेलं. "हा घरघर करतोय. बघ जरा."

त्याने थाळी उचलली आणि कपाळावर हात मारला. रोज असले पट्टे बदलणारा माणूस! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याने नवा पट्टा घातला, ताईने सोबत आणलेली ती रेकॉर्ड लावली, आणि ती बाई गिरक्या घेत गाऊ लागली. मला वाटलं, आता तो म्हणेल, "बघ, माझंच बरोबर होतं." तो म्हणाला, "ताई, दाजी बिचारे खरंच बोलत होते गं."

दाजी परतल्यावर दोघं मला घेऊन त्यांच्यापुढे आले. धाकट्याने रेकॉर्ड लावून दाखवली आणि सैल पट्टा त्यांच्या हातात ठेवला. मला वाटलं, आता हसतील, मिठी मारतील. दाजींनी सुई उचलून बाजूला ठेवली. तो पट्टा दोन बोटांत ताणून पाहिला. "म्हणजे," ते म्हणाले, "ती माझ्या आईसाठी कधी गायलीच नव्हती."

मग धाकट्याने त्यांच्या हातातून तो पट्टा हळूच घेतला, नवा काढला आणि जुना पुन्हा घातला. त्याला अडवायला मला हात नव्हते, आणि असते तरी अडवलं असतं का, सांगता येत नाही.

आता तो दर रविवारी येतो. परवा दाजी म्हणाले, "या कादंबरीला जगात तोड नाही."

"हो दाजी."

"अरे, नायक शंभर पानं नुसता आजारी आहे!"

"चांगलं आहे की ते."

"खोडून काढ ना मला!" दाजी जवळजवळ ओरडलेच. धाकट्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही दाजी, पटलं मला," तो म्हणाला. आणि ताईने चहा ओतला, तो गरम गरमच पिऊन झाला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचा पट्टा ढिला पडल्याबरोबर बदला हो. उशीर केलात, तर जिवाभावाचं माणूस तुमच्याशी भांडायचं सोडून देईल, आणि तरीही ते दर रविवारी येऊन तुमच्यासमोर बसलेलं असेल.