अंपायरच्या खिशातले सहा खडे

मित्रांनो, आधी एक सांगा. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला आला आहात की मला उचलून चिंचा पाडायला? विचारलेलं बरं. मी एक जुना काळा खडा आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. त्यात माझा दोष नाही, माझा जन्मच सुरुंगाने झाला. पनवेलजवळच्या एका खदाणीत माणसांनी आमच्या डोंगराला भोक पाडलं, आत काहीतरी भरलं आणि लांब पळून गेली. तेव्हापासून कुणी गुपचूप जवळ आलं की मी सावध होतो.

पुढे खडीच्या डंपरमधून मी एसटी स्टँडच्या वळणावर सांडलो. तिथे बळीराम नावाचा एक उंच माणूस वाकून खडे निवडत होता. बोराएवढे, एकसारखे सहा खडे त्याने खिशात टाकले. त्यात मी होतो. बाकीच्या पाचांचं मला तेव्हाही काही खरं वाटलं नव्हतं.

बळीरामच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या मिठागरात काम केलं. मिठागरं गेली आणि तो टेनिस क्रिकेटचा अंपायर झाला. षटक सुरू होताना आम्ही सहाही जण त्याच्या उजव्या खिशात असायचो. चेंडू पडला की एक खडा डाव्या खिशात जायचा. उजवा खिसा रिकामा झाला की षटक संपलं. चेंडू किती पडले यावर वाद झाला, तर अंपायरने खिशात हात घालायचा आणि खिसा सांगेल ते सगळ्यांनी मानायचं, अशी आमच्याकडची रीत होती.

त्या वेळी पनवेलचा खाडीराज संघ गाजत होता. त्याचे खेळाडू मोसमाचं मानधन घेऊन खेळायचे, म्हणून त्यांच्या सामन्यांना गावंच्या गावं लोटायची. त्यांचे मोठे सामने मी खिशातून ऐकले आहेत. एकदा तळोज्याच्या कामगारांचा संघ जिंकत आला असताना दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला आणि त्यांचे चार खेळाडू कामावर निघून गेले. उरलेल्या सात जणांनी जिवाचं रान केलं, तरी खाडीराज एका धावेने जिंकला. तो भोंगा पाच मिनिटं आधीच वाजला, असं माझं आजही मत आहे. दुसऱ्या एका सामन्यात बरोबरी झाली आणि निकाल नाणेफेकीवर लागला. नाणं बळीरामच्या खिशातलंच, माझा शेजारी. त्याला दोन वेगळ्या बाजू आहेत का हे बघायची माझी फार इच्छा होती, पण ते अंग चोरून बसायचं.

पण सगळ्यांत लक्षात राहिला तो गेल्या वर्षीचा अंतिम सामना. समोर उरणच्या कोळ्यांचा संघ होता. खाडीराजचा फलंदाज हरेश हा बळीरामचा सख्खा भाचा, म्हणून संयोजक दुसरा अंपायर शोधत होते. तेव्हा उरणचा कर्णधार मिथुन म्हणाला, "बळीकाका उभे ऱ्हातील तर आमची हरकत नाय. त्यांचा खिसा खोटा बोलत नाय." बळीरामने आम्हाला मुठीत घट्ट धरलं. समोरचा कर्णधार इतका गोड का बोलतोय, याच विचारात मी पडलो.

शेवटच्या षटकाआधी बळीराम सीमारेषेजवळ पाणी प्यायला गेला. आदल्याच चेंडूवर त्याने हरेशला नाबाद दिलं होतं. लोक त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते आणि नको ते बोलत होते. इतक्यात एक घाईचा हात उजव्या खिशात आला आणि निघून गेला. बघतो तर आमच्यात एक पांढरा, ओलसर पाहुणा. मी त्याला नाव-गाव विचारलं. तो नुसता पाझरत राहिला. मालकाच्या खिशात मालकाशिवाय कोण हात घालणार? मी काय समजायचं ते समजलो.

मिथुनने सहा चेंडू टाकले. खाडीराजला अजून चार धावा हव्या होत्या. मिथुन हसत म्हणाला, "काका, सा झाले. आमी जिंकलो." बळीरामने खिशात हात घातला. हाताला पाहुणा लागला.

"नाय रं, एक हाय अजून."

स्कोअररही सहा झाले म्हणत होता, पण खिसा बोलल्यावर त्याचं कोण ऐकतो? मिथुनने एकदा खिशाकडे पाहिलं आणि वाद न घालता तो चेंडू टाकायला मागे गेला. सातव्या चेंडूवर हरेशने षटकार मारला. खाडीराजच्या पोरांनी बर्फाच्या पाण्याच्या बादल्या आणून दिसेल त्याच्यावर ओतल्या. बळीरामही डोक्यापासून पायापर्यंत भिजला.

मग कुणीतरी मोबाइलवर षटक पुन्हा पाहिलं. चेंडू सातच होते. तास-दीड तास भांडण चाललं. शेवटी बळीरामने दोन्ही खिसे टेबलावर रिकामे केले. आम्ही सहा जण बाहेर पडलो. पाहुणा आला तसा पसार झाला होता. मालकाने आणला, मालकानेच लपवला, अशी माझी खात्री पटली.

चषक खाडीराजकडेच राहिला, पण त्यानंतर बळीरामला कुणी अंपायर म्हणून बोलावलं नाही. बाजारात लोक त्याला 'सात चेंडूवाला' म्हणू लागले. त्याने आम्हाला परत उजव्या खिशात टाकून ती पँट खुंटीला टांगली, धुवायलाही दिली नाही. एकदा हरेश घरी आला आणि खाली बघत म्हणाला, "मामा, तुमी माज्यासाठी केलंत का?" बळीराम उठून बाहेर निघून गेला. चोर तोंड लपवणारच, असं मी म्हणालो. मित्रांनो, हे सांगताना मला आज लाज वाटते.

यंदाचा मोसम संपत आला तेव्हा त्याची बायको हौसा हिने पँट काढली. तिने उजवा खिसा उलटा केला. आतलं कापड पापडासारखं कडक झालं होतं आणि त्यावर पांढरी पूड होती. तिने बोट लावून चाखलं आणि पँट तशीच बळीरामपुढे धरली.

"आवं, ह्ये मीठ हाय. लोक तुमच्यावर डोळं काढत व्हते, दीठ लागू नये म्हून मीच खडा टाकलेला. पानी देताना. टेबलावर निघाला नाय, तवा वाटलं आदीच पडला आसंल; तो तर भिजून इरघळला."

बळीरामने पँट तिच्या हातातून घेतली. मग म्हणाला, "वरीसभर मी माज्यावरच शक घेतला, हौसे. मला वाटलं, भाच्यापायी माजा हातच खोटा झाला."

दुसऱ्या दिवशी ती दोघं आणि हरेश उरणला गेली. सोबत पिशवीत न धुतलेली पँट आणि हरेशच्या हातात चषक. हौसाने काही न लपवता सगळं सांगितलं. मिथुनने खिशावर बोट घासलं, जिभेला लावलं आणि मान डोलावली. चषक त्याने घेतला. का नाही घेणार, त्याचाच होता. मग म्हणाला, "काका, आयतवारी आमची फायनल हाय. खडे घेऊन या."

मित्रांनो, तुमच्या हाताखालच्या वस्तू जपा, त्या तुमच्यासाठी राबतात. आणि शंका आली तर जरूर घ्या, मी तरी दुसरं काय सांगणार? फक्त कुणाला चोर ठरवण्याआधी एकदा खिसा उलटा करून बघा. मी त्याच खिशात होतो, वर्षभर ती पांढरी पूड अंगाला घासत होती, तरी मी ज्याचं बोट धरून जगलो त्यालाच चोर म्हटलं.

रविवारी बळीराम उरणच्या मैदानात उतरला. हौसा पदराला मिठाचा खडा बांधून सीमारेषेबाहेर बसली होती. तो पाणी प्यायला तिच्याकडे गेला, तेव्हा त्याने आधी दोन्ही खिशांवर हात ठेवले.