जरा पुस्तकं बघतो

बायको गेल्यानंतर दोन महिन्यांनी शिंपीकाका पहिल्यांदा पुस्तकांच्या दुकानात आले. त्यांचं शिवणाचं दुकान शेजारच्याच गल्लीत होतं, पण तोवर त्यांनी कधी या दाराची पायरी चढली नव्हती. आत येऊन म्हणाले, "काही नाही, जरा पुस्तकं बघतो." तास-दीड तास एकच पुस्तक हातात धरून उभे राहिले आणि गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बाईंनी एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

दुकान बाईंचं. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत छतापर्यंत पुस्तकं आणि मागच्या खोलीत एक लांब टेबल, भोवती एकीचं दुसरीशी जमत नाही अशा सात खुर्च्या. वडिलांच्या माघारी एकवीस वर्षं बाईंनी ते एकटीने चालवलं. लग्नाचं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या आणि फडकं घेऊन धूळ झटकायला लागायच्या. ते टेबल खरं तर पार्सलं सोडायला होतं. पण त्याच्याभोवती माणसं बसायला लागली आणि बाईंनी कुणाला कधी ऊठ म्हटलं नाही.

शनिवारी दुपारी तिथे वाचन चालायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. निवृत्त कंडक्टर नेमाने यायचा. बसायला जागा नसली की "चला, पुढे सरका" असं जुन्या सवयीने ओरडायचा. सरकारी दवाखान्यातली नर्स ड्यूटी संपवून तशीच यायची आणि अर्धा वेळ पेंगायची. घरी झोप येत नाही, इथे येते, म्हणायची. काका कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. ऐकता ऐकता पाठ उसवलेली पुस्तकं शिवायचे. टाका इतका बारीक की शोधून सापडू नये.

वाचायला मात्र ते तयार नव्हते. आपण सातवीपर्यंत शिकलेले, असं म्हणून मान हलवायचे. शेवटी एका शनिवारी कंडक्टरने पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि तो खुशाल डोळे मिटून बसला. काका एकेक शब्द चाचपत वाचू लागले. गोष्टीतली बाई भांडी घासून ओले हात पदराला पुसते, तिथे त्यांचा आवाज थांबला. नर्सने त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुढची ओळ वाचायला सुरुवात केली. बाई नंतर म्हणायच्या, की इतकी वर्षं दुकान का चालवलं याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

असं सहा वर्षं चाललं. मग इमारतीचा मालक वारला आणि त्याच्या मुलांनी जागा विकली. तिथे गाड्या उभ्या करायची इमारत होणार होती. बाईंनी दुसरी जागा शोधली, पण त्यांना परवडेल अशी जागा बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पलीकडे होती.

शेवटच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कधी न फिरकलेली माणसंही आली. फोटो काढले, कपाटांवरून हात फिरवले, अशी दुकानं टिकली पाहिजेत, असं एकमेकांना सांगितलं. बाई हसून सगळ्यांना हो म्हणत होत्या. काका गर्दीत नव्हते. ते मागच्या खोलीत एका पुस्तकाची पाठ शिवत बसले होते. बाईंनी सांगितलं, की काका, हे आता राहू द्या, ही सगळी पुस्तकं घाऊक व्यापारी उचलून नेणार आहे. त्यांनी मान हलवली, टाका पुरा केला आणि दोरा दाताने तोडला.

शनिवार मोडायचा नाही, असं ठरलं होतं. नर्सने आपलं घर देऊ केलं. पहिल्या शनिवारी सगळे धुतलेले कपडे घालून गेले आणि पाहुण्यांसारखे सोफ्याच्या कडेला टेकले. नर्सची सासू आतून डोकावून गेली. नर्सची चहा करण्यात धांदल उडाली, तिची झोप तर राहिलीच. दुसऱ्या वेळी कंडक्टरचे गुडघे दुखत होते. तिसऱ्या शनिवारी बाई एकट्याच पोहोचल्या. नर्सला ड्यूटी लागली होती आणि ते कळवायचं ती विसरली होती.

बाईंना एका शाळेच्या कचेरीत नोकरी मिळाली. दिवसभर दाखले लिहून देऊन त्या संध्याकाळी घरी येत आणि भिंतीकडे बघत बसत. एका रविवारी मनाचा हिय्या करून त्या काकांच्या खोलीवर गेल्या. सोबत पुस्तक नेलं होतं. काकांनी आदराने बसवलं, पाणी दिलं. ते वाळले होते. शिवणाचं दुकान दोन महिने बंदच होतं. बाईंनी वाचायला सुरुवात केली तेव्हा ते खाली मान घालून ऐकत राहिले. एक पान झालं आणि त्यांनी हात वर केला.

"नको, ताई."

"आवडलं नाही का?"

"तसं नाही," काका म्हणाले. "तिकडे मी पुस्तकं बघायला यायचो. माणसं आपोआप भेटायची. आता तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लांब येणार, मी तुमची वाट बघणार... ते मला जमायचं नाही."

"मग मी नुसतीच येत जाईन. वाचायचं नाही."

"या ना," काका म्हणाले. पण दारापर्यंत सोडायला ते उठले नाहीत.

बाई पुन्हा गेल्या नाहीत. पुढच्या रविवारी जाऊ, त्याच्या पुढच्या रविवारी जाऊ, असं करत तीन महिने गेले. आपण गेलो तर त्यांना ओझं होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. खरं म्हणजे त्यांना त्या खोलीची भीती वाटत होती.

मग नर्सचा फोन आला. काका गेले होते, आणि त्यालाही दोन आठवडे झाले होते. तिच्याच दवाखान्यात, तिच्या वॉर्डाच्या खालच्याच मजल्यावर ते पाच दिवस होते. जुन्या नोंदी चाळताना तिला नाव दिसलं. भेटायला आलेल्यांच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. "मी रोज त्या जिन्याने खाली-वर करत होते," एवढं बोलून ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिघं काकांच्या बंद दुकानासमोर भेटले. कंडक्टर काठी टेकत आला होता. बाजूच्या गल्लीत, पुस्तकांचं दुकान होतं तिथे, पत्रे ठोकले होते. ऊन वर आलं. कंडक्टरने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "जरा बसायचं कुठे?"

कुणालाच जागा सुचली नाही. थोडा वेळ ते रस्त्यातच उभे राहिले. मागून एक हातगाडी आली, तिला वाट द्यायला तिघं तीन बाजूंना सरकले. मग फोन करू, असं म्हणून आपापल्या वाटेने गेले. फोन कुणीच केला नाही.