आगाऊ विसरलेले पाच शब्द

ओली आमच्या संघात आला तेव्हा वीस वर्षांचा होता आणि मला मिस्टर पिकेट म्हणायचा. एकतीस वर्षं मी या आइस हॉकी संघाच्या स्केटना धार लावली. उत्तर ऑन्टॅरिओतल्या या गावात मला मिस्टर म्हणणारा दुसरा माणूस म्हणजे माझ्या बायकोचा वकील.

पूर्ण नाव ब्रेडन ओलेक्सिन, राहणार सस्कॅचेवान. कुमारांच्या लीगमध्ये त्यानं एका हंगामात चव्वेचाळीस गोल मारले होते. तिथं त्याला अडवायला सतरा वर्षांची, तोंडावर पुटकुळ्या आलेली पोरं असायची. इथं सगळे दाढीवाले बाप्ये, घरी दोन-दोन लेकरं, आणि नोकरी टिकवायचा एकच मार्ग ठाऊक असलेले: रबरी चकती घेऊन येणाऱ्याला मैदानाभोवतीच्या काच लावलेल्या भिंतीवर चेपायचं. सरावाच्या पहिल्याच सकाळी आमच्या रे किव्हेलानं त्याला असा चेपला, की काचेवर त्याच्या ओठांचा ठसा उमटला. किव्हेला आमचा सगळ्यात जुना बचावपटू. त्याचे पुढचे चार दात चार वेगवेगळ्या गावांत पडलेत.

"मान वर ठेव, बाळा," त्याला उठवत किव्हेला म्हणाला. "खाली नुसता बर्फ आहे. आम्ही सगळे वर असतो."

त्याच आठवड्यात डोक्याची परीक्षा होती. संगणकासमोर बसवतात, बारा शब्द दाखवतात, थोड्या वेळानं विचारतात, किती आठवले? ते गुण डॉक्टरांकडे राहतात. पुढं डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. गुण घसरले तर खेळ बंद. ओलीची आई शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे परीक्षा म्हटल्यावर पोरगं पेन्सिलीला टोक काढून हजर.

"सगळे शब्द सांगणार आहेस का?" मी विचारलं.

"म्हणजे काय! माझं पाठांतर पक्कं आहे. घरी करून पाहिलं, बाराच्या बारा."

"पाच विसर."

"का?"

"पुढं खरोखर विसरशील, तेव्हा फरक दिसायला नको."

"मिस्टर पिकेट, ही तर कॉपी झाली!"

"कॉपी कसली? कॉपीत गुण वाढतात."

शेजारी किव्हेला स्टिकला टेप गुंडाळत बसला होता. "पाचच हं," तो म्हणाला. "मी एकदा नऊ विसरलो. डॉक्टरनं घरी फोन केला. बायको म्हणाली, छे हो, हा पहिल्यापासून असाच आहे."

माझा हेतू वाईट नव्हता. आदल्या वर्षी एका पोराचे गुण दोन आठवडे वर येईनात, तोवर त्याच्या खणात दुसऱ्याचे बूट आले. ओलीचा खण ओलीकडेच राहावा, एवढंच मला वाटलं. त्यानं सात शब्द सांगितले. परत आला तो खाली मान घालून, जसा काही नापास झालाय.

हिवाळाभर तो शिकत गेला. भिंतीपाशी पाठ दाखवायची नाही, खांदा द्यायचा. धडक दिसली की श्वास सोडायचा. उठताना कुठं दुखतंय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. कोच म्हणायचे, पोरगं घडतंय. आमच्याकडे एक सूज उतरल्यावरच दुसरी आली, तर त्याला घडणं म्हणतात.

फेब्रुवारीत पाहुण्या संघाच्या ओमेर डूसेटनं त्याला गाठलं. ओलीची मान वर होती, खांदा पुढं होता, शिकवलेलं सगळं त्यानं बरोबर केलं. डूसेट त्याच्यापेक्षा वीस किलोनं जड होता, त्यावर आमच्याकडे धडा नव्हता. ओली खाली गेला आणि जरा जास्तच वेळ खाली राहिला.

मधल्या सुट्टीत डॉक्टरांनी परीक्षा घेतली आणि खुशीत बाहेर आले. "बारापैकी नऊ! सप्टेंबरात सातच होते."

"म्हणजे खेळेल?" कोच म्हणाले.

"खेळेल की. उलट सुधारलाय."

"मग डूसेटकडे बाकीच्यांचीही शिकवणी लावू या."

सगळे हसले. मीही हसलो. बारातून नऊ गेले की तीन उरतात, आणि ते तीन शब्द या वेळी खरोखर गेले होते. किव्हेला त्या आठवड्यात गुडघा धरून घरी होता, म्हणून खोलीत हे गणित दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला त्या घडीला गणित येत नव्हतं. तो डावा स्केट उजव्या पायात घालू पाहत होता.

"डावा आहे रे तो."

"हो, हो." मग हळूच, "तुम्ही शब्दांचं बोलणार नाही ना? वरच्या संघाचा माणूस आलाय आज, पोरं निवडायला. तो बघतोय मला."

"अंधारी येतेय?"

"छे. फक्त दिव्यांचा आवाज येतोय."

डॉक्टर तीन पावलांवर सफरचंद खात उभे होते. मला 'बारा' एवढा एकच शब्द बोलायचा होता. मी त्याच्या स्केटची धार तपासली. धार उत्तम होती.

आमच्याकडे दोन्ही संघांचे बाक एकाच बाजूला, मध्ये एक काच. चाळीस-पन्नास सेकंद पळायचं आणि येऊन बसायचं, मग पुढच्याची पाळी. ओली पळाला, कुणी त्याला बोटही लावलं नाही. मग सावकाश परत आला, पाहुण्यांच्या बाकाचं फाटक उघडलं आणि डूसेटच्या शेजारी जाऊन बसला.

प्रेक्षक खो-खो हसले. पाहुण्यांतला एक म्हणाला, "काय रे, सासरी आलास का?"

डूसेटही हसत होता. मग त्यानं ओलीच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. त्यानं पाण्याची बाटली ओलीच्या हातात दिली.

"माझी पाळी कधी?" ओलीनं विचारलं.

"झाली, बाळा. झाली तुझी पाळी." डूसेटनं पंचाला हात करून खेळ थांबवला आणि काचेवर मूठ आपटली. "ए, याला घेऊन जा! याला काही कळत नाहीये!"

"कागदावर ठीक आहे तो!" आमचे कोच ओरडले.

"मग कागदाला खेळवा!"

त्याला धरून आमच्या फाटकापर्यंत डूसेटनंच आणलं. तेव्हा मी बोललो. "डॉक्टर, याचे मुळात बारा होते." डॉक्टरांना समजायला वेळ लागला नाही. "मघाशी का नाही बोललास?" ते म्हणाले. मी ओलीच्या स्केटच्या नाड्या सोडायला बसलो.

ओली पुन्हा कधी खेळला नाही. वरच्या संघाचा माणूस मला कॉफीच्या रांगेत भेटला. म्हणाला, "पोरगा अंगानं मात्र तयार झालाय."

आतल्या खोलीत दिवे बंद करून ओलीला निजवलं होतं, डोळ्यांवर टॉवेल. बाहेर खेळ अजून चालू होता.

"जिंकलो का आपण?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"किती?"

त्याची आई विमानानं येईपर्यंत त्यानं मला हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी वेगवेगळा आकडा सांगितला, आणि तिन्ही वेळा त्याला आनंद झाला.